‘कॉपी पूर्ण झाली’ म्हणजे नेमकं काय पोहोचलं?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत नेटवर्क स्टोरेज कसं निवडावं याविषयी आलेला लेख वाचला. डिस्कचे कप्पे किती असावेत, रेडची कोणती पातळी घ्यावी, लॅनचा पोर्ट किती वेगाचा हवा, हे सगळं त्यात नीट आलं आहे. तुलनेचा तक्ता तर मी कापूनच ठेवला. एका वाक्यापाशी मात्र अडले. ‘सर्व्हर विंडोजचा असो की लिनक्सचा, फाइल जशीच्या तशी जाते, वापरणाऱ्याला फरक कळत नाही,’ असं लेखक म्हणतात. यातला शेवटचा भाग शंभर टक्के खरा आहे. फरक कळत नाही, आणि सगळं दुखणं तिथेच आहे. ‘जशीच्या तशी’ हे मात्र खरं नाही, म्हणून हे पत्र.

मी पुस्तकनिर्मितीच्या विभागात काम करते. मांडणीच्या फाइली, फॉन्ट, चित्रं, छपाईला गेलेल्या अंतिम पीडीएफ हे सगळं ज्या सर्व्हरवर असतं तो सांभाळणं माझ्याकडे आहे. पदनाम काहीही असो, ‘फाइल उघडत नाही’ म्हणून पहिला फोन मलाच येतो.

फाइल म्हणजे बाइटांची एक सलग रांग, असं आपण धरून चालतो. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीत, तसं कधीच नव्हतं. १९९३ साली विंडोज एनटी ३.१ आलं तेव्हापासून तिथे एका फाइलला एकाहून अधिक स्ट्रीम, म्हणजे बाइटांच्या स्वतंत्र रांगा, असू शकतात. आपण जी उघडतो, जिचा आकार एक्सप्लोररमध्ये दिसतो, ती मुख्य स्ट्रीम. तिला नाव नसतं. बाकीच्यांना असतं, आणि ते फाइलच्या नावापुढे कोलन देऊन लिहायचं. ‘अहवाल.टीएक्सटी:शेरा.टीएक्सटी’ असं. करून बघायला दोन मिनिटं पुरतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘इको’ने चार शब्द या कोलनवाल्या नावावर वळवा आणि मग नोटपॅडला तेच नाव देऊन उघडा. शब्द दिसतील. नुसतं ‘डीआयआर’ (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) केलंत तर अहवालाचा आकार पूर्वी होता तेवढाच दिसतो, एका बाइटचाही फरक नाही. व्हिस्टापासून ‘डीआयआर’पुढे ‘/आर’ लावता येतं, तेव्हा कुठे ती दुसरी ओळ उजेडात येते.

ही सोय आली ती मॅकसाठी. मॅकिंटॉशच्या फाइलींना १९८४ पासून दोन भाग होते, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. मॅकवाल्यांच्या फाइली विंडोजच्या सर्व्हरवर ठेवायच्या तर दुसऱ्या भागाला जागा हवी, ती स्ट्रीमने दिली. पुढे तिचे इतर उपयोग निघाले. सगळ्यात माहितीचा उपयोग २००४ सालचा, एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मधला. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज ‘झोन.आयडेंटिफायर’ नावाची स्ट्रीम जोडतं. आत मजकूर इवलासा असतो: एका ओळीत ‘झोनट्रान्सफर’ हा मथळा, खाली ‘झोनआयडी=३’. तीन म्हणजे इंटरनेट. विंडोज १० पासून फाइल कोणत्या पत्त्यावरून आली तेही बऱ्याचदा तिथेच नोंदलेलं असतं. ‘ही फाइल दुसऱ्या संगणकावरून आली आहे’ ही जी सूचना आपण न वाचता बंद करतो, ती या दोन ओळींच्या जोरावर येते.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी जुना विंडोज सर्व्हर काढून त्याजागी लिनक्सवर चालणारा, तयार मिळतो तसा स्टोरेजचा डबा आला. पुरवठादाराच्या माणसाने नव्या डब्यातूनच जुन्या सर्व्हरचा शेअर (नेटवर्कवर खुलं केलेलं फोल्डर) जोडला आणि रातोरात सगळा माल ओढून घेतला. सकाळी अहवाल तयार होता. फाइलींची संख्या जुळली, एकूण आकार जुळला, प्रत्येक फाइलची एमडी५ चेकसम (मजकुरावरून काढलेली, ठशासारखी खूण) जुळली, चुका शून्य. वरिष्ठांची सही झाली, बिल निघालं. पुढे एका जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची ठरली. मांडणी करणाऱ्या सहकाऱ्याने फॉन्टचं फोल्डर उघडलं आणि मला हाक मारली. नावं सगळी जागेवर, तारखा बरोबर, आकार प्रत्येकाचा शून्य.

पुरवठादाराचं म्हणणं सरळ होतं: ‘तुमच्या फाइलीच रिकाम्या होत्या, आमच्याकडे चेकसम आहेत.’ आणि होत्याच. मी तो अहवाल पुन्हा काढून बघितला. फॉन्टच्या फोल्डरसमोर ओळीने एकच चेकसम, पानभर: डी४१डी८सीडी९८एफ००… या धंद्यातल्या लोकांना ही अक्षरं पाठ असतात, कारण रिकाम्या फाइलची एमडी५ हीच येते. म्हणजे तपासणी झाली होती, खोटं काही लिहिलेलं नव्हतं. इकडच्या शून्याशी तिकडचं शून्य जुळलं होतं.

जुन्या मॅकच्या सूटकेस फॉन्टमध्ये, तसंच पोस्टस्क्रिप्ट टाइप १ च्या मॅकवरच्या फाइलींमध्ये, अक्षरांचं सगळं सामान रिसोर्स फोर्कमध्ये असतं. डेटा फोर्क रिकामा. जुन्या विंडोज सर्व्हरवर तो रिसोर्स फोर्क ‘एएफपी_रिसोर्स’ नावाच्या स्ट्रीममध्ये सुखरूप होता. नव्या डब्याने जुना शेअर लिनक्सच्या एसएमबी (विंडोजचा नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याचा प्रोटोकॉल) क्लायंटने जोडला, आणि फोल्डरची यादी घेताना त्या क्लायंटला नावाच्या स्ट्रीम दिसतच नाहीत. त्याने जे दिसलं ते इमानदारीत उचललं. जुन्या डिस्क अजून पुसल्या गेल्या नव्हत्या म्हणून फॉन्ट परत मिळाले, एवढंच.

यावर ‘नेटवर्कवर असं व्हायचंच’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना सांगायचं ते हे की नेटवर्कच्या प्रोटोकॉलला हे सगळं कधीपासून माहीत आहे. एसएमबीमध्ये कोलनवालं नाव तसंच्या तसं पाठवून स्ट्रीम उघडता येते, फाइलला कोणकोणत्या स्ट्रीम आहेत याची यादी मागता येते. इतकंच काय, ‘तुझ्याकडे नावाच्या स्ट्रीम चालतात का?’ हा प्रश्नही क्लायंट विचारू शकतो आणि सर्व्हर फाइल सिस्टिमच्या गुणधर्मांतल्या एका बिटात हो किंवा नाही सांगतो. यंत्राला यंत्र जे एका बिटात सांगतं, ते विकत घेणाऱ्या माणसाला आठ पानी माहितीपत्रकात कुठे सापडत नाही.

लिनक्सच्या बाजूने हे काम बहुतेक ठिकाणी सांबा हे एसएमबी बोलणारं सॉफ्टवेअर करतं. तिथे स्ट्रीम हव्या असतील तर वेगळा मॉड्यूल जोडावा लागतो, आणि खरी मेख त्या मॉड्यूलमध्ये आहे, म्हणून थोडं थांबते. नेहमी वापरला जाणारा मॉड्यूल प्रत्येक स्ट्रीम लिनक्सच्या एक्सटेंडेड ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे फाइलला चिकटवलेल्या छोट्या नोंदीत, ठेवतो. अशा एका ॲट्रिब्यूटला लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, जास्तीत जास्त ६४ किलोबाइट देतो. एक्सटी४ या फाइल सिस्टिमवर नेहमीच्या मांडणीत त्याहून कमी: फाइलच्या सगळ्या ॲट्रिब्यूटना मिळून आयनोडमधली (फाइलची माहिती ठेवणाऱ्या क्रमांकित नोंदीतली) उरलेली जागा आणि एक ब्लॉक, म्हणजे सहसा ४ किलोबाइट. ‘झोन.आयडेंटिफायर’ त्यात आरामात बसतो. फॉन्ट बसत नाही. त्यामुळे ‘आमच्या डब्यात स्ट्रीम चालतात’ हे विक्रेत्याचं उत्तर खरं असूनही उपयोगाचं नसतं. एका बिटाचं ‘हो’ मिळतं, किती मोठी चालते ते कोणी सांगत नाही.

दुसरा मॉड्यूल स्ट्रीम एका बाजूच्या फोल्डरमध्ये साध्या फाइली म्हणून ठेवतो. तिथे ही आकाराची अडचण नाही. पण कोणती स्ट्रीम कोणत्या फाइलची, हे तो फाइलच्या आयनोड क्रमांकावरून ओळखतो. डिस्क गेली, बॅकअपमधून नव्या डिस्कवर फाइली परत आणल्या, की आयनोड सगळे नवे. फाइलीही परत आल्या, स्ट्रीमही परत आल्या, एकमेकांना ओळखेनाशा झाल्या. मॅकसाठी सांबाचा आणखी एक मॉड्यूल आहे. तो रिसोर्स फोर्क, मुद्दाम बदललं नाही तर, टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या वेगळ्या फाइलीत ठेवतो. या टिंब-अंडरस्कोर फाइली पेनड्राइव्हवरही दिसतात आणि मॅक न वापरणाऱ्या मंडळींचा त्यांच्यावर फार राग असतो. त्या झाडून पुसणाऱ्या तयार स्क्रिप्ट सर्रास चालवल्या जातात. ज्या फाइलीचं सगळं बिऱ्हाड तिथेच आहे, तिचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

एनएफएस या युनिक्स-लिनक्सकडच्या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलची कथा वेगळी. १९९५ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत या गोष्टीला जागाच नव्हती. चौथ्या आवृत्तीत नेम्ड ॲट्रिब्यूट आले: आधी २००० सालच्या आरएफसी ३०१० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलचा क्रमांकित दस्तऐवज), मग २००३ च्या आरएफसी ३५३० मध्ये. फाइलच्या पोटात एक फोल्डर आहे असं समजून तो उघडायचा आणि आत हवं ते ठेवायचं, अशी ती नीट विचार केलेली रचना होती. पण ती ऐच्छिक ठेवली. सोलारिसने ती केली, लिनक्सने केली नाही. पुढे २०१७ च्या डिसेंबरात आरएफसी ८२७६ ने एनएफएसला एक्सटेंडेड ॲट्रिब्यूट दिले आणि २०२० मध्ये लिनक्सच्या ५.९ कर्नलमध्ये ते आले. म्हणजे सोय आली, पण धाकट्या भावंडाची: छोटे, एका दमात लिहायचे-वाचायचे तुकडे. स्ट्रीम जशी उघडून मधूनच वाचता येते, हळूहळू वाढवता येते, तसं यात होत नाही. माझं मत विचाराल तर तेव्हा ‘ऐच्छिक’ हा एक शब्द नसता तर पुढचं बरंच वाचलं असतं.

सगळ्यात गमतीचा प्रकार विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्यांनी पाहिलेला असेल. तिथे दोन बाजूंमधली फाइलींची ये-जा ९पी या प्रोटोकॉलवरून होते आणि त्याला स्ट्रीम माहीत नाहीत. लिनक्सला मात्र नावात कोलन चालतो. त्यामुळे डाउनलोड केलेली फाइल एक्सप्लोररमधून तिकडे टाकली की शेजारी ‘:झोन.आयडेंटिफायर’ शेपटीची दुसरीच एक फाइल उगवते. लोक वैतागतात, पुसून टाकतात. मला विचाराल तर हा त्यातल्या त्यात प्रामाणिक प्रकार. निदान वेगळं झालेलं डोळ्यांना दिसतं तरी.

बॅकअपची गोष्ट थोडक्यात. कॉपी करणाऱ्या ‘आरसिंक’ या साधनाला ‘आर्काइव्ह’चा पर्याय दिला की सगळं जातं अशी समजूत आहे. एक्सटेंडेड ॲट्रिब्यूट त्यात जात नाहीत, त्यांच्यासाठी मोठा ‘एक्स’ वेगळा द्यावा लागतो. फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या ‘टार’लाही वेगळं सांगावं लागतं, आणि नुसतं बांधताना सांगून भागत नाही, सोडतानाही सांगावं लागतं. सांबाने स्ट्रीम नीट जपली आणि रात्रीच्या बॅकअपने ती गाळली, तर ती डिस्क जाईपर्यंतच जपलेली होती.

या विषयावर बोलायला लागलं की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला सुरक्षेचा. स्ट्रीममध्ये व्हायरस लपवतात, तेव्हा सर्व्हरने त्या घेतल्याच नाहीत तर बरंच. लपवतात हे खरं आहे. स्ट्रीमच्या नावाने मोठा घोटाळाही होऊन गेला आहे. १९९८ मध्ये असं लक्षात आलं की मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवरच्या पानाच्या पत्त्यापुढे दोन कोलन, डॉलरचं चिन्ह आणि ‘डेटा’ एवढं जोडलं की पान चालण्याऐवजी त्याचा आतला कोडच समोर येतो. कारण ते मुख्य स्ट्रीमचंच दुसरं नाव होतं आणि सर्व्हरने पान ओळखताना ते लक्षात घेतलं नव्हतं. पण याच सुरक्षेची दुसरी बाजू पाहा. २०२२ पासून ऑफिसमध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो (फाइलीत बसवलेले छोटे प्रोग्राम) मुळातच अडवले जातात. फाइल इंटरनेटची आहे हे ओळखायचं कशावरून? त्याच ‘झोन.आयडेंटिफायर’वरून. एकाने उतरवलेली एक्सेलची फाइल शेअरवर टाकली, दुसऱ्याने तिथून आपल्याकडे घेतली, आणि खूण सर्व्हरवर गळाली असेल तर दुसऱ्याच्या संगणकाच्या लेखी ती घरातलीच फाइल. व्हायरसच्या भीतीने स्ट्रीम गाळणाऱ्या सर्व्हरने व्हायरसची सूचनाही गाळली. शिवाय ज्याला लपवायचंच आहे त्याला एनटीएफएसची प्रत्येक स्थानिक डिस्क मोकळी आहे. स्ट्रीम तपासायच्या असतात, त्या फेकून तपासणी होत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं म्हाताऱ्या फाइलींचं रडगाणं आहे. अडोबीने टाइप १ फॉन्टचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला, आता कोण वापरतं? प्रश्न वापरण्याचा असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. जुन्या फॉन्टवरून नवा फॉन्ट करून घ्यायचा तरी जुना आधी शाबूत लागतो. जुन्या पुस्तकाची मांडणी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना कोणत्या अक्षराची जागा कुठे होती हे त्याच फॉन्टमध्ये आहे. आणि खुद्द मायक्रोसॉफ्टने हा प्रयोग करून पाहिला आहे. २०१२ च्या सर्व्हरबरोबर आलेल्या आरईएफएस या नव्या फाइल सिस्टिममध्ये नावाच्या स्ट्रीम नव्हत्या. पुढच्याच आवृत्तीत, २०१२ आर२ मध्ये, त्या १२८ किलोबाइटच्या मर्यादेने परत आल्या.

प्रत्येक डब्याने प्रत्येक आकाराची स्ट्रीम घेतलीच पाहिजे, असा माझा हट्ट नाही. नसेल जमत तर नसेल. पण मग गप्प बसून कॉपी ‘पूर्ण’ झाली असं म्हणू नये. साध्या फॅट पेनड्राइव्हवर स्ट्रीमवाली फाइल टाकताना विंडोजचा एक्सप्लोरर थांबून विचारतो की प्रॉपर्टीज वगळून कॉपी करायची का. प्रश्न अत्यंत वाईट शब्दांत विचारलेला असतो आणि सगळे ‘हो’ दाबतात, पण विचारतो तरी. रातोरात हजारो फाइली हलवणारं साधन मात्र चकार शब्द काढत नाही. किती फाइलींच्या किती स्ट्रीम मागे राहिल्या, एवढी एक ओळ अहवालाच्या शेवटी छापायला काय हरकत आहे? आमच्या अहवालात ती असती तर सही करणारा हात थांबला असता.

घेण्याआधी स्वतः तपासायचं असेल तर विक्रेत्याचा डबा चाचणीला मिळतो तेव्हाच करावं. एका साध्या मजकुराच्या फाइलला शंभरेक किलोबाइटची स्ट्रीम जोडायची, मुद्दाम ६४ च्या वर. ती शेअरवर टाकायची, दुसऱ्या संगणकावरून परत घ्यायची, दोन्हीकडे ‘/आर’ने पाहायचं. मग डब्याच्याच बॅकअपमधून ती फाइल वेगळ्या डिस्कवर परत आणायची आणि पुन्हा पाहायचं. ही शेवटची पायरी दाखवायला विक्रेते फारसे उत्सुक नसतात असा माझा अनुभव आहे. ‘साहेबांशी बोलून सांगतो’ म्हणतात. चेकसमचा कागद पुढे केला तर तो कशाचा आहे ते विचारावं: मुख्य स्ट्रीमचा की सगळ्यांचा.

आपल्या लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचं शेवटी छापलं आहे. त्यात तो तक्ता पुन्हा देणार असाल तर दोन रकाने वाढवावेत ही विनंती: नावाची स्ट्रीम किती आकारापर्यंत चालते, आणि डब्याचा स्वतःचा बॅकअप ती परत आणतो का. पहिल्या रकान्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ नको, किलोबाइटमध्ये आकडा हवा. जो विक्रेता आकडा देणार नाही त्याची जागा कोरी सोडावी.

आपली,
एक वाचक
(पुस्तकनिर्मिती विभागातली)